बाजारपेठेच्या वेशीबाहेरचा ग्रंथकार

चर्चगेटहून विरारपर्यंतचे अंतर साठ किलोमीटरांचे आहे. १९३६ साली विजेची गाडी विरारपर्यंत धावू लागली तेव्हापासून ते उत्तरोत्तर आक्रसत गेले, आणि आज नायगाव, वसई, नालासोपारा, विरार येथून लक्षावधी माणसे रोज सकाळी मुंबईची वाट धरतात व रात्री माघारी येतात. वसईची भाजी, येथल्या वाड्यांतील फुले आणि आगाशीची सुकेळी मुंबईच्या बाजारात पोहोचण्याची वाट पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. माल कोणत्या गाडीने न्यायचा, कोणापाशी उतरवायचा, दलाली किती द्यायची आणि पैसे कधी वसूल व्हायचे, हे सारे शिरस्त्याने ठरून गेलेले आहे. मात्र याच मातीत बसून लिहिलेला आणि पदरमोड करून छापलेला एखादा ग्रंथ त्याच मुंबईतील विक्रेत्याच्या फळीवर जागा मागू लागतो, तेव्हा असा कोणताही शिरस्ता त्याच्या साहाय्यास येत नाही. आणि भाजीच्या टोपलीला जो मार्ग दोन तासांचा आहे, तो पुस्तकाच्या गठ्ठ्याला अनेकदा दोन वर्षांतही पुरा होत नाही.

मुख्य बाजारपेठेपासून दूर राहणाऱ्या लेखकाच्या अडचणींचा विचार करताना आपण सामान्यतः गडचिरोली, नंदुरबार किंवा सावंतवाडी यांची नावे घेतो. त्या प्रदेशांच्या अडचणी मोठ्या आहेत यात संशय नाही. तथापि वसई-विरारचे उदाहरण अधिक उद्बोधक आहे, कारण महानगराच्या इतक्या निकट असूनही जर ग्रंथकार बाजाराच्या बाहेरच राहत असेल, तर त्याचे कारण भूगोलात शोधणे व्यर्थ होय. ते ग्रंथव्यवहाराच्या रचनेतच शोधावे लागेल.

ही रचना कशी घडली हे थोडे पाहू. मराठी ग्रंथव्यवहाराची मुख्य पेठ दीर्घकाळ दोनच ठिकाणी वसलेली आहे. मुंबईत गिरगाव आणि दादर, पुण्यात अप्पा बळवंत चौक आणि त्याच्या आसपासच्या पेठा. मौज, पॉप्युलर आणि मॅजेस्टिक या प्रकाशनसंस्था मुंबईत वाढल्या. राजहंस आणि काँटिनेन्टल यांनी पुण्यात आपला पाया घातला. प्रकाशक, मुद्रक, मुखपृष्ठाचे चित्रकार, परीक्षणे छापणाऱ्या नियतकालिकांची दफ्तरे, पारितोषिकांच्या समित्यांवरील परीक्षक आणि व्याख्यानांची सभागृहे ही सर्व एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर असल्यामुळे तेथे परिचयातून कामे होतात. आणि ज्याला हा परिचय नाही त्याला प्रत्येक पायरीवर अर्ज करावा लागतो. हे केंद्रीकरण आजचे नव्हे. १८७८ साली न्यायमूर्ती रानडे आणि लोकहितवादी यांच्या पुढाकाराने ग्रंथकारांची पहिली सभा भरली ती पुण्यातच. आणि १८८५ सालच्या ग्रंथकार सभेचे निमंत्रण आले तेव्हा महात्मा फुल्यांनी पत्र लिहून त्यास नकार दिला, कारण शूद्रातिशूद्रांच्या हिताचा विचार जेथे होत नाही तेथे आपल्यासारख्यांना स्थान नाही, अशी त्यांची स्पष्ट धारणा होती. ग्रंथकारांच्या वर्तुळाच्या आत कोण आणि बाहेर कोण, हा प्रश्न अशा रीतीने त्या वर्तुळाइतकाच जुना आहे.

आता एका पुस्तकाचा जमाखर्च जवळून पाहू. समजा, वसईतील एखाद्या निवृत्त शिक्षकाने दोनशे पृष्ठांचा, म्हणजे सोळा पानी साडेबारा फॉर्मांचा, ललितलेखसंग्रह सिद्ध केला. अक्षरजुळणी, मुद्रितशोधन, मुखपृष्ठ, कागद, छपाई व बांधणी धरून पाचशे प्रतींना पंचावन्न हजार रुपये खर्च आला. आणि पुस्तकाची किंमत तीनशे रुपये ठेवली. विक्रेता व वितरक मिळून चाळीस टक्के सूट मागतात, आणि ती मागणी अवाजवी म्हणता येत नाही, कारण दुकानाचे भाडे, नोकरांचे पगार आणि न खपलेल्या मालाचा बोजा त्यांनाही सोसावा लागतो. लेखकाच्या हाती प्रतिमागे एकशे ऐंशी रुपये उरतात. केवळ घातलेले पैसे परत यावयाचे म्हटले तरी तीनशेहून अधिक प्रती खपावयास हव्यात. आणि त्याही दुकानदाराने विकल्या तर पैसे, न विकल्या तर पुस्तके परत, अशा बोलीवर दिलेल्या असल्यामुळे त्यांचा हिशेब मिळण्यास महिनोन्‌महिने लागतात. अभिप्रायार्थ पाठवावयाच्या प्रती, आप्तेष्टांना द्यावयाच्या भेटप्रती, प्रकाशन समारंभाचा खर्च आणि दादरपर्यंत गठ्ठे पोहोचविण्याचे हेलपाटे या ताळेबंदात अद्याप धरलेलेच नाहीत. याच लेखकाने त्याच पुस्तकावर दहा टक्के सूट देऊन ते आपल्याच तालुक्यातील वाचकाला थेट विकले, तर मात्र प्रतिमागे दोनशे सत्तर रुपये हाती येतात आणि सुमारे दोनशे चार प्रतींतच खर्च भरून निघतो. या दोन आकड्यांतील शंभर प्रतींच्या अंतराकडे वाचकांनी लक्ष द्यावे, कारण पुढील सर्व विवेचनाचा धागा तेथेच आहे.

पुस्तक छापणे आज पूर्वीइतके कठीण राहिलेले नाही. ग्रंथाचा आंतरराष्ट्रीय प्रमाणित क्रमांक आपल्या देशात विनामूल्य मिळतो, महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकासाठी अनुदानाची योजना आहे, आणि मागणीप्रमाणे थोड्या थोड्या प्रती छापून घेण्याची सोयही आता झाली आहे. खरी अडचण पुस्तक छापून झाल्यावर सुरू होते. वर्तमानपत्राकडे अभिप्रायार्थ दोन प्रती पाठविल्या की बहुतांश वेळा ‘साभार पोच’ या मथळ्याखाली ग्रंथाचे नाव, लेखकाचे नाव व किंमत एवढ्याच दोन ओळी येतात, आणि पुष्कळदा त्याही येत नाहीत. कारण साप्ताहिक पुरवण्यांतील ग्रंथपरीक्षणांची जागा आधीच तोकडी, आणि त्या जागेसाठी प्रतीक्षा करणाऱ्या पुस्तकांची रास मोठी. प्रकाशन समारंभ होतो, सभागृह भरते, अध्यक्ष गौरवपर भाषण करतात, परंतु त्या संध्याकाळी खपलेल्या प्रतींनंतर दुसऱ्या दिवशी ते पुस्तक कोठे मिळेल हे उपस्थितांपैकी कोणालाच सांगता येत नाही. वसई-विरारमध्ये शालेय पुस्तके आणि वह्या विकणारी दुकाने स्थानकापासूनच लागतात. ललित वा वैचारिक मराठी ग्रंथांसाठी मात्र वाचकाला वाकडी वाट करावी लागते.

सार्वजनिक ग्रंथालये हा दुसरा आधार. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ साली संमत झाला, आणि त्यान्वये अ, ब, क, ड अशा वर्गांत विभागलेल्या हजारो ग्रंथालयांचे जाळे राज्यभर पसरले. खेड्यातील वाचकापर्यंत मराठी पुस्तक नेण्याचे या जाळ्याने केलेले कार्य अमोल आहे. परंतु अनुदानातून खरेदी करताना ग्रंथालये शासनमान्य ग्रंथांच्या यादीकडे आणि मोठ्या वितरकाने देऊ केलेल्या घसघशीत सुटीकडे पाहतात, आणि आपले पुस्तक त्या यादीत यावे यासाठी कोठे, केव्हा व किती प्रती सादर कराव्या लागतात याची माहिती ज्या लेखकाला वेळेवर मिळत नाही त्याचे पुस्तक, कितीही गुणवान असले तरी, त्या वर्षापुरते दारातच थांबते. टपालाची गोष्ट अशीच. छापील पुस्तके स्वस्त दराने पाठविण्याची डाकखात्याची जुनी सवलत डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाली, तेव्हा लहान प्रकाशक आणि स्वतःच पुस्तक काढणारे लेखक यांच्यावर तो मोठाच आघात होता. मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ ही नवी योजना सुरू झाली आणि तीनशे ग्रॅमपर्यंतचे पुस्तक सुमारे वीस रुपयांत देशात कोठेही धाडण्याची सोय पुन्हा उपलब्ध झाली. वसईहून चंद्रपूरला एक प्रत पाठविणाऱ्या माणसाच्या दृष्टीने वीस रुपये आणि शंभर रुपये यांतील फरक म्हणजे पुस्तक पाठविणे आणि न पाठविणे यांतील फरक होय.

वसईच्या भूमीला साहित्याची परंपरा नाही असे मात्र कोणी समजू नये. येथील बरेच लेखन मराठीतील ज्या ख्रिस्ती वाङ्मयाच्या परंपरेशी नाते सांगते, तिचा आद्य ग्रंथ म्हणून ज्याचा गौरव होतो ते फादर स्टीफन्सचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यातील रायतूर येथे छापले गेले. देवनागरी खिळ्यांच्या अभावी ते रोमन लिपीत छापावे लागले. १६४९ आणि १६५४ साली त्याच्या आवृत्त्या निघाल्या, आणि पुढे त्या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत उरली नाही. तरीही ग्रंथ लोपला नाही, कारण श्रद्धाळू वाचकांनी तो हाताने उतरून घेतला, घराघरांत गायिला, जपला. आणि अशा हस्तलिखितांच्याच आधारे १९०७ साली मंगळूरहून त्याची नवी आवृत्ती निघू शकली. राजसत्तेची अनास्था आणि देशी भाषांवरील पोर्तुगीज निर्बंध यांना पुरून उरण्याचे सामर्थ्य या ग्रंथाला कोणत्याही पेठेने दिलेले नव्हते, ते त्याच्या वाचकसमाजाने दिले होते.

याच परंपरेचा आधुनिक धागा वसईत दिसतो. ‘सुवार्ता’ हे मासिक फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी १९८३ ते २००७ अशी चोवीस वर्षे संपादिले, आणि धर्मप्रबोधनाबरोबरच पर्यावरण, पाणी, जमीन व सामाजिक न्याय या प्रश्नांना त्यात स्थान देऊन त्यांनी वसईच्या गावागावांत मराठी गद्य वाचणारा एक वर्ग घडविला. वसईची हिरवाई राखण्यासाठी झालेल्या ‘हरित वसई’च्या लढ्यात जे विचार सभांमधून मांडले गेले त्यांची मशागत या मासिकाच्या पानांतूनही झालेली होती. वर्गणी भरून दरमहा अंक घरी घेणारा हा समाज म्हणजे वसईच्या लेखकांना लाभलेली पहिली हक्काची वाचकसभा. कवयित्री सिसिलिया कार्व्हालो, कवी सायमन मार्टिन आणि त्यांच्यासारखे अनेक लेखक ज्या वातावरणात लिहिते झाले, ते अशा स्थानिक नियतकालिकांनी, शाळांनी आणि व्याख्यानमालांनी सिद्ध केले होते. आज कोकण मराठी साहित्य परिषदेच्या शाखांचे कार्यक्रम, तालुक्याचा कला-क्रीडा महोत्सव आणि जिल्ह्याचा ग्रंथोत्सव यांतून तेच कार्य निराळ्या रूपाने चालू आहे.

असे असूनही एक वस्तुस्थिती नजरेआड करता येत नाही. वसईचे जे लेखक महाराष्ट्रभर पोहोचले त्यांच्यापैकी बहुतेकांना पुण्या-मुंबईच्या प्रकाशनसंस्थेचा हात धरावा लागला. दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’, ज्याला अनुवादासाठी साहित्य अकादमीचा २०१३ चा पुरस्कार मिळाला, पुण्याच्या राजहंस प्रकाशनाने काढले. दीर्घकाळ वसईत वास्तव्य असलेल्या वीणा गवाणकर यांचे ‘एक होता कार्व्हर’ १९८१ साली राजहंसकडूनच प्रसिद्ध झाले आणि चाळीसहून अधिक आवृत्त्यांतून ते तीन पिढ्यांच्या हाती गेले. या ग्रंथांचे यश लेखकांच्या गुणवत्तेचे आहे यात शंका नाही. पण तितक्याच गुणवत्तेचे दुसरे एखादे पुस्तक केवळ वसईच्या छापखान्यातून निघाले असते तर ते सोलापूरच्या वा अकोल्याच्या शाळामास्तरापर्यंत पोहोचले असते काय, या प्रश्नाचे उत्तर मनास समाधान देणारे नाही.

याशिवाय बाहेरच्या लेखकावर आणखी एक शिक्का बसतो. वसईच्या ख्रिस्ती लेखकाचे पुस्तक, मग ते शेतीविषयी असो वा विहिरीच्या पाण्याविषयी, अनेक दुकानांत न वाचताच धार्मिक ग्रंथांच्या रांगेत जाऊन बसते. या पार्श्वभूमीवर जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबाद येथे भरलेल्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद दिब्रिटो यांना लाभले, तेव्हा या पदावर येणारे ते पहिलेच ख्रिस्ती साहित्यिक ठरले. त्यांच्या निवडीला काही ठिकाणी विरोधही झाला, पण मराठी वाचकांच्या फार मोठ्या समुदायाने तिचे मनःपूर्वक स्वागत केले. २५ जुलै २०२४ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या अध्यक्षपदाने वसईच्या साहित्याकडे राज्याचे लक्ष वेधले गेले, हे त्यांचे ऋण येथील लेखक विसरू शकणार नाहीत.

बोलीत लिहिणाऱ्याची वाट तर याहून अरुंद आहे. निर्मळ, नंदाखाल, भुईगाव या परिसरात सामवेदी ब्राह्मण आणि सामवेदी ख्रिस्ती या दोन्ही समाजांच्या घरांत बोलली जाणारी सामवेदी अथवा कादोडी बोली, आणि तिच्या शेजारची वाडवळी, यांचे वाचक याच पट्ट्यात एकवटलेले आहेत. पुण्याच्या विक्रेत्याला त्या पुस्तकाचे प्रयोजन पटवून देणे जवळजवळ अशक्यच. इकडे गावेही झपाट्याने पालटत आहेत. २००९ साली महानगरपालिका स्थापन झाली, २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या बारा लाखांवर गेली, आणि १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा अस्तित्वात आला. नव्या इमारतींत राहावयास आलेल्या, दिवसाचे चार तास गाडीत घालविणाऱ्या, निरनिराळ्या प्रांतांतून व भाषांतून आलेल्या या रहिवाशांना आपल्या शेजारच्या आळीत कोण लेखक राहतो हे ठाऊक असण्याचे काहीच साधन नाही. वाचकवर्ग संख्येने वाढला, पण लेखक आणि वाचक यांची गाठ घालून देणारी यंत्रणा त्या मानाने वाढली नाही.

ही यंत्रणा उभी करता येते, याला आपल्याच भाषेच्या इतिहासात दाखले आहेत. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक काढला आणि त्यातून जी प्रथा रूढ झाली तिने दूरदूरच्या गावांतील लेखकांना पोस्टाने पाठविलेल्या एका लेखाच्या बळावर सर्व महाराष्ट्रापुढे उभे केले. सत्तरीच्या दशकात सुरू झालेल्या ‘ग्रंथाली’ने वाचकांनाच चळवळीचे सभासद करून घेतले, आगाऊ नोंदणीतून भांडवल उभारले आणि दया पवारांचे ‘बलुतं’, लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ यांसारखी पुस्तके, प्रस्थापित पेठेला ज्यांची ओळख नव्हती अशा जीवनातून आलेली, हजारो घरांत पोहोचविली. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानाने ‘ग्रंथ तुमच्या दारी’ या उपक्रमातून शंभर पुस्तकांच्या पेट्या वाचकांच्या वस्तीत नेऊन ठेवल्या. या तिन्ही उद्योगांत एक सूत्र समान आहे: वाचकाने बाजारात यावे अशी अपेक्षा न धरता पुस्तकच त्याच्या उंबरठ्यावर गेले.

याच सूत्राचा परदेशी दाखला आइसलँडचा. त्या सबंध देशाची लोकसंख्या चार लाखांच्या आत, म्हणजे वसई-विरारच्या २०११ सालच्या लोकसंख्येच्या एक तृतीयांशाहूनही कमी. तरीही त्यांची भाषा स्वतःचे ग्रंथ जोमाने प्रसवते आणि १९५५ साली हाल्डोर लाक्सनेस यांच्या रूपाने तिला नोबेल पारितोषिकही मिळाले. तेथील प्रकाशक एकत्र येऊन त्या वर्षीच्या नव्या पुस्तकांची सूची काढीत आणि नाताळापूर्वी ती देशातील घरोघर विनामूल्य पोहोचवीत. नाताळात एकमेकांना पुस्तक भेट देण्याची चाल दुसऱ्या महायुद्धाच्या काळापासून तेथे रुजलेली आहे. मोठ्या प्रकाशकाचे पुस्तक आणि लहान प्रकाशकाचे पुस्तक त्या सूचीत एकाच पानावर येई, आणि निवड वाचक करी.

वसई-विरारला असे काही करता येणार नाही काय? तालुक्यातील ग्रंथालये, महाविद्यालये, साहित्य परिषदेची शाखा, चर्चची धर्मग्रामे आणि देवस्थाने यांनी एकत्र येऊन दर दिवाळीपूर्वी वर्षभरातील स्थानिक पुस्तकांची एक सूची काढावी. पुस्तकाचा विषय, पृष्ठे, किंमत आणि ते कोठे मिळेल एवढा मजकूर तीत असावा. आणि ती गृहनिर्माण संस्थांच्या फलकांवर, शाळांत आणि चर्चच्या आवारात लावावी. प्रत्येक अ आणि ब वर्ग ग्रंथालयाने तालुक्यातील लेखकांसाठी एक फळी राखून ठेवावी आणि तेथेच पुस्तक विकत घेण्याचीही तजवीज करावी. शाळांनी पारितोषिक समारंभात चषकांऐवजी स्थानिक लेखकाचे पुस्तक द्यावे. महानगरपालिकेच्या अंदाजपत्रकात यासाठी अल्पशी तरतूद झाली तर ती सत्कारणी लागेल. आंतरजालावरील विक्रीकेंद्रांची जोड या सर्वांस अवश्य द्यावी. परंतु तेथे लक्षावधी पुस्तकांच्या गर्दीत वाचक त्याच पुस्तकाचा शोध घेतो ज्याचे नाव त्याने आधी कोणाच्या तरी तोंडून ऐकलेले असते, आणि ते नाव पहिल्याने उच्चारण्याचे काम गावालाच करावे लागते.

प्रस्थापित पेठेचेही काही कर्तव्य आहे. संपादकांनी मुंबई-पुण्याबाहेर छापलेल्या पुस्तकांसाठी परीक्षणाची निश्चित जागा राखावी, पारितोषिकांच्या समित्यांनी आवाहने तालुक्याच्या ग्रंथालयांपर्यंत वेळेवर पोहोचतील असे पाहावे, आणि ग्रंथालय संचालनालयाने यादीची पद्धती नवख्या लेखकाला समजेल इतकी सुगम करावी. या गोष्टी मागण्यात याचना नाही. ग्रंथव्यवहार ज्या भाषेच्या नावाने चालतो त्या भाषेचा निम्म्याहून अधिक अनुभव या दोन शहरांच्या बाहेर जगला जातो, एवढ्यावरच ही मागणी उभी आहे.

तथापि आरंभ घरूनच व्हावयास हवा, आणि तो अवघड नाही. दोनशे चार वाचकांनी किंमत मोजून घेतलेले पुस्तक आपल्या लेखकाला कर्जातून मुक्त करते, त्याला दुसरे पुस्तक लिहिण्याचे धैर्य देते, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे बाहेरच्या जगात त्याची पत निर्माण करते. दादरचा किंवा अप्पा बळवंत चौकातला विक्रेता अनोळखी पुस्तक हाती घेतो तेव्हा तो लेखकाचे गाव विचारीत नाही, हे पुस्तक कोठे खपते आहे काय एवढेच विचारतो. आणि वसईच्या ग्रंथकाराला त्या प्रश्नाचे होकारार्थी उत्तर देता यावे, हे सामर्थ्य सर्वस्वी वसईच्या वाचकांच्या हाती आहे.